सीझनच्या आधी हरणाचा माग कसा काढायचा: मिशिगनमधल्या नवशिक्यांसाठी

मिशिगनमध्ये बंदुकीचा डिअर सीझन दरवर्षी १५ नोव्हेंबरलाच सुरू होतो, वार कुठलाही असो, आणि उत्तरेकडच्या कित्येक गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते. नोव्हाय, ट्रॉय, कॅन्टनला राहणाऱ्या आपल्या लोकांना ऑफिसातली मंडळी त्या आठवड्यात गायब झालेली दिसतात आणि मग एखाद्या वर्षी कोणीतरी म्हणतं, चल की तू पण. ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे, त्यामुळे आजोबा-काकांकडून शिकून आलेलं आपल्यात सहसा कोणी नसतं, आणि इथली मुलं जे लहानपणी वडिलांबरोबर रानात फिरून शिकतात ते आपल्याला चाळिशीत शिकायचं असतं. शिकता येतं, नक्की येतं. फक्त सुरुवात ऑक्टोबरच्या शेवटी करायची नाही, जुलैमध्ये करायची.

आणि एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा. हरीण दिसणं म्हणजे स्काउटिंग, म्हणजे सीझनआधी माग काढणं, नव्हे. दक्षिण मिशिगनमध्ये हरणं सबडिव्हिजनच्या मागच्या अंगणातसुद्धा दिसतात. आपल्याला शोधायचंय ते हे, की हरीण दिवसा कुठे बसून असतं, खायला कुठे जातं, या दोन्हींच्या मधलं अंतर उजेड असताना कुठल्या वाटेने कापतं, आणि त्या वाटेवर मी त्याला माझा वास न लागू देता पोचू शकतो का. शेवटचा प्रश्न नवीन माणूस विचारतच नाही आणि सगळं तिथेच फसतं.

कागदपत्रं आधी

१ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्म असेल तर लायसन्ससाठी हंटर सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं. हा कोर्स उन्हाळ्यातच उरकून टाका. कोर्स झाला नसेल तर अप्रेंटिस लायसन्स हा एक मार्ग आहे, पण त्यात अनुभवी लायसन्सधारक मोठा माणूस बरोबर असावा लागतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी असा माणूस बरोबर असणं कोर्सपेक्षाही जास्त उपयोगाचं.

आपल्यापैकी जे एच-वन बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर आहेत त्यांनी हे नीट वाचा. फेडरल कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यात वैध हंटिंग लायसन्स असणं हा एक आहे. म्हणजे लायसन्स हातात येण्याआधी मित्राची रायफल 'जरा बघू' म्हणून रेंजवर हातात घेणंसुद्धा महागात पडू शकतं. आधी वकिलाशी बोला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. धनुष्यबाण, म्हणजे कंपाउंड बो, या कायद्यात येत नाही, म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात, आर्चरीचा सीझन तर १ ऑक्टोबरलाच सुरू होतो.

डीएनआर, म्हणजे मिशिगनचं नैसर्गिक संसाधन खातं, दरवर्षी नियमांचं डायजेस्ट (छोटी पुस्तिका) काढतं, फुकट असतं, फोनवर उतरवून ठेवा. जुनं वाचून जाऊ नका, नियम बदलत राहतात.

घरबसल्या नकाशा

जुलैमध्ये पहिलं काम सोफ्यावर बसून करायचं. डीएनआरचा मी-हंट नावाचा ऑनलाइन नकाशा आहे, त्यात शिकारीला खुल्या सरकारी जमिनी दिसतात. ऑनएक्स हे पैसे भरून घ्यायचं ॲप आहे, त्यात खासगी जमिनींच्या हद्दी आणि मालकांची नावं येतात आणि नेटवर्क नसलं तरी नकाशा चालतो, माझ्या मते पहिल्या वर्षी एवढा एक खर्च कराच. बाकी महागडा कॅमो, वास मारणारे स्प्रे, ते सगळं नंतर.

ॲन आर्बरच्या पश्चिमेला वॉटरलू रिक्रिएशन एरिया आहे, त्याच्या दक्षिणेला शॅरनव्हिल स्टेट गेम एरिया आहे, डेट्रॉइटच्या बाजूने येणाऱ्यांना दोन्ही सकाळी जाऊन दुपारी परत येण्याइतकी जवळ. हिमनदीने बनवलेला प्रदेश आहे, छोट्या छोट्या टेकड्या, मधे वाटीसारखे खड्डे, दलदली, ओकची झाडी आणि आजूबाजूला मका-सोयाबीनची शेतं. सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला कंटूरचा नकाशा वाचता येतो, तेच इथे वापरायचं, फक्त उंची खूप कमी. दोन टेकड्यांच्या मधली खिंड, दलदलीत घुसलेली कोरड्या जमिनीची सोंड, दोन रानांना जोडणारी झाडांची अरुंद पट्टी, ओढा उथळ होतो ती जागा. हरीण कमी कष्टाची आणि आडोशाची वाट धरतं, म्हणून अशा चिंचोळ्या जागांवर त्याची ये-जा एकवटते. अशा आठ-दहा जागांना पिन टाका.

त्यानंतर पार्किंग लॉट कुठे आहेत ते बघा आणि प्रत्येक पिन तिथून किती लांब आहे ते मोजा. बहुतेक शिकारी गाडीपासून फार आत जात नाहीत, आणि हरणांना हे आपल्याआधी कळलेलं असतं. पण 'लांब' म्हणजे नेहमी मैलभर आतच असं नाही, रस्त्याच्या कडेची पण मधे पाणी असलेली, गमबूट घातल्याशिवाय जाता येत नाही अशी जागाही लोकांपासून लांबच असते.

खासगी जमिनीवर जायचं असेल तर परवानगी विचारायलाही उन्हाळाच बरा. शेतजमिनीवर आणि तिला लागून असलेल्या रानात परवानगीशिवाय पाय ठेवणं मिशिगनमध्ये बेकायदा आहे, मग बोर्ड लावलेला असो किंवा नसो. दिवसाउजेडी, साध्या कपड्यांत, एकट्याने जा, नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, 'नाही' आलं तर मनापासून थँक्यू म्हणून निघा. सोयाबीन खाऊन जाणाऱ्या हरणांना वैतागलेले शेतकरी पुष्कळ आहेत. शिवाय डीएनआरचा हंटिंग ॲक्सेस प्रोग्रॅम आहे, त्यात शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांची जमीन शिकारीला खुली केलेली असते, ती यादीही बघून ठेवा.

उन्हाळ्यात फक्त लांबून

जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी दुर्बीण घेऊन शेतांच्या रस्त्याने फिरा, आठ किंवा दहा पटीची साधी दुर्बीण पुरते. सूर्य मावळायच्या आधीचा तास हिरव्या सोयाबीनच्या कडेला हरणं बाहेर येतात. नर या दिवसांत दोन-चारच्या टोळक्याने एकत्र असतात, शिंगांवर मखमल, म्हणजे मऊ केसाळ कातडी, असते, एकमेकांशी भांडण नसतं. गाडीतून उतरू नका, गाडी रस्त्याच्या नीट कडेला घ्या, कुठल्या कोपऱ्यातून किती वाजता बाहेर आली ते लिहून ठेवा. रात्री टॉर्च मारून हरणं बघायची इथे जुनी सवय आहे, पण रात्री ११ ते सकाळी ६ मध्ये ते बेकायदा आहे, नोव्हेंबरमध्ये तर पूर्ण बंद, आणि जेव्हा चालतं तेव्हाही गाडीत धनुष्य किंवा बंदूक असता कामा नये. नवीन माणसाने त्या वाटेला न गेलेलंच बरं.

उन्हाळ्यात दिसलेला मोठा नर नोव्हेंबरमध्ये तिथेच सापडेल ही आशा मात्र सोडून द्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल गळते, टोळकी फुटतात, सोयाबीन पिवळं पडतं, ओकची फळं पडायला लागतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सगळ्या रानाचा दिनक्रम बदलतो. उन्हाळ्याच्या नोंदींचा उपयोग एवढाच की या भागात कोण कोण आहे ते कळतं. मादी आणि पाडसं त्यामानाने जागा धरून असतात, आणि पहिल्या वर्षी मादीचा टॅग, म्हणजे मादी मारायचा परवाना, मिळत असेल तर तोच घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. मांस तेवढंच चांगलं, आणि हरणांची संख्या आटोक्यात राहायला मादीच कमी व्हावी लागते.

आता पायी, रानात

सप्टेंबरमध्ये आत शिरायचं. वेळ दुपारची, साधारण ११ ते २, जेव्हा हरणं बसलेली असतात. वारं सुटलेला दिवस किंवा पाऊस यायच्या आधीचा दिवस उत्तम, वाऱ्यात तुमचा आवाज मिसळतो आणि पावसाने वास धुऊन जातो. १५ सप्टेंबरपासून खारी आणि ग्राउझ या रानपक्ष्याचा सीझन सुरू होतो म्हणून अंगात केशरी जॅकेट पाहिजेच. हरणाला तो केशरी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्याची काळजी नको. पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा (कपड्यांवर, अंगावर नाही), घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत टिक, म्हणजे गोचीड, बघा. तिच्या चाव्याने होणारा लाइम डिसीझ इथे आहे, आणि चावल्यावर दिवसागणिक पसरत जाणारा लाल डाग दिसला तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. अंगाला लागलं की खाज आणि पुरळ आणणारं, तीन-तीन पानांचं पॉयझन आयव्हीही ओळखायला शिका.

काय बघायचं? आधी ओक. व्हाइट ओकच्या पानांची टोकं गोल असतात, रेड ओकची टोकदार. व्हाइट ओकची फळं कमी तुरट म्हणून हरणं आधी त्यांच्यावर तुटून पडतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि रेड ओककडे ती संपल्यावर वळतात. सगळे ओक दरवर्षी सारखे फळत नाहीत, म्हणून दुर्बिणीने वर शेंड्यात बघा की यंदा कुठल्या झाडावर माल आहे. मग झाडाखाली गुडघ्यावर बसा. पाचोळा उलटापालटा झालेला असेल, खालची काळी ओली बाजू वर आलेली असेल, फळांच्या टोप्या आणि चावून सांडलेले तुकडे पडलेले असतील, त्यात लेंड्या असतील, शेळीच्या लेंड्यांसारख्याच. लेंडी काळी, चकचकीत, काडीने दाबली की मऊ लागली तर ताजी. तपकिरी, कोरडी, चुरा होणारी म्हणजे जुनी. इथे घाई करू नका. जुना माग आणि ताजा माग यातला फरक कळणं हीच स्काउटिंगची अर्धी विद्या आहे, कारण रानात जुनं सगळीकडे असतं आणि ते बघून माणूस नको तिथे मचाण बांधतो.

ठसे ओल्या जागी बघा, ओढ्याच्या काठाला, दलदलीच्या कडेला. दोन टोकदार खुरं, टोक ज्या बाजूला त्या बाजूला हरीण गेलं. मागे दोन छोटे ठिपके उमटले असतील तर एक तर जमीन मऊ आहे, नाही तर जनावर जड किंवा पळत होतं. ठशाच्या कडा धारदार असतील तर ताजा, आत पान पडून कडा ढासळल्या असतील तर जुना. काटेरी तारेचं कुंपण दिसलं तर खालच्या तारेला अडकलेले केस शोधा, तिथून नेमकी कुठे ये-जा आहे ते कळतं.

बसण्याच्या जागा म्हणजे गवतात किंवा पाचोळ्यात अंडाकृती दबलेला खळगा, तीन-चार फुटांचा. एक मोठा आणि त्याला लागून एक-दोन छोटे असतील तर मादी आणि पाडसं. एकटाच मोठा, पाठीमागे पडलेलं झाड किंवा दाट झुडूप, पुढे उतारावरचं सगळं दिसतंय, तर नर असू शकतो. वॉटरलूसारख्या भागात दलदलीतल्या कॅटटेलच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, मधे कोरडा उंचवटा असतो, किंवा ऑटम ऑलिव्हची माजलेली झुडपं असतात, अशा ठिकाणी ती बसतात. आत घुसून बघायचा मोह होतो. सीझन जवळ आल्यावर तिथे जाऊ नका, एकदा बुजवलेलं हरीण तीच जागा दिवसा वापरायची बंद करू शकतं. कडेकडेने फिरून आत जाणाऱ्या वाटा मोजल्या तरी काम होतं.

ऑक्टोबर: रब आणि स्क्रेप

ऑक्टोबरमध्ये नर झाडांवर शिंगं घासतात, बुंध्याची साल सोलून आतलं पिवळट ओलसर लाकूड दिसतं, त्याला रब म्हणतात. मनगटाएवढ्या झाडावर कुठलाही नर घासतो, मांडीएवढ्या जाड झाडावर घासलेलं असेल तर लक्ष द्या. बहुतेक वेळा सोललेली बाजू ही नर जिकडून आला तिकडची असते, म्हणून रबपाशी उभं राहून पुढचा रब शोधा, मग त्याच्या पुढचा, अशी ओळ मिळाली की वाट मिळाली. सगळे रब बसण्याच्या जागेकडे तोंड करून असतील तर ती संध्याकाळची, खायला जायची वाट.

स्क्रेप म्हणजे खुरांनी पाचोळा बाजूला सारून उघडी केलेली माती, आणि तिच्या बरोब्बर वर, हरणाच्या डोक्याच्या उंचीला, लोंबती फांदी. ती फांदी नीट बघा. टोक चावलेलं, मोडलेलं असतं, कारण नर त्यावर डोळ्याजवळच्या आणि कपाळावरच्या ग्रंथींचा वास लावतो, आणि खाली मातीत मागच्या पायांच्या ग्रंथींवरून लघवी करतो. हात लावू नका, फांदीलाही नाही. गंमत वाटेल पण बहुतेक स्क्रेपवर येणंजाणं रात्रीचं असतं, म्हणून शेताच्या कडेचा मोठा स्क्रेप बघून तिथेच बसायचं ठरवू नका. तिथून मागे, झाडीत, बसण्याच्या जागेच्या दिशेने सरका. रट, म्हणजे विणीचा काळ, इथे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात असतो, तेव्हा नर मादीच्या मागे दिवसाही भटकतात. त्यामुळे माद्या जिथे बसतात त्या जागांच्या वाऱ्याच्या खालच्या अंगाची चिंचोळी वाट ही माझी १५ तारखेची पहिली पसंती असते.

१ ऑक्टोबरनंतर रानात बोवाले शिकारीही असतात. त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी सरकारी जमिनीवर नुसतं फिरायला जाऊ नका, कोणाची तरी संध्याकाळ खराब होते. कोणी मचाणावर दिसलं तर हात करून वळसा घ्या.

कॅमेरा

ट्रेल कॅमेरा कमरेच्या उंचीवर, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून लावा, नाही तर उगवता-मावळता सूर्य लेन्समध्ये येऊन फोटो पांढरे होतात. समोरचं हलणारं गवत हाताने दाबून टाका, नाही तर कार्डभर गवताचेच फोटो मिळतात. तारीख-वेळ नीट सेट करा, कारण आपल्याला फोटोपेक्षा वेळ हवी आहे. वाटेच्या काटकोनात न लावता थोडा तिरका लावा म्हणजे चालतं हरीण पूर्ण येतं. कॅमेऱ्यावर नाव घाला. आणि दर शनिवारी जाऊन कार्ड काढायची सवय लावू नका, दोन-तीन आठवडे हात लावू नका. रात्री दोनचे वीस फोटो असलेल्या जागेपेक्षा संध्याकाळी साडेपाचचा एक फोटो असलेली जागा चांगली.

वारा

हे सगळ्यात शेवटी लिहितोय पण ठरवताना सगळ्यात आधी हे. हरीण डोळ्यांवर शंका घेतं, कानांवर शंका घेतं, नाकावर घेत नाही. तुमचा वास आला की संपलं. म्हणून प्रत्येक जागेपुढे लिहा, कुठल्या वाऱ्याला चालते. इथे वारा बहुधा पश्चिम-नैऋत्येकडून असतो आणि थंडीची लाट आली की वायव्येकडून. त्यावर टेकड्यांचा स्वतःचा वारा असतो, सकाळी ऊन पडलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली खड्ड्यात उतरते, म्हणून संध्याकाळी वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास खाली दलदलीत जाऊन बसतो. बघायची सोपी युक्ती म्हणजे मिल्कवीडच्या शेंगा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रस्त्याच्या कडेला मिळतात, आतला रेशमी कापूस खिशात ठेवा आणि एकेक तंतू सोडा. तो कसा तरंगत जातो, कुठे वळतो, कुठे खाली बसतो ते डोळ्यांना दिसतं. अशी किमान दोन मचाणं पाहिजेत, एक पश्चिमेच्या वाऱ्याला, एक वायव्येच्या. वारा चुकीचा असेल त्या दिवशी चांगल्या जागेवर बसायचंच नाही, कितीही वाटलं तरी.

मचाण बांधताना

सरकारी जमिनीवर मचाण १ सप्टेंबरच्या आधी ठेवता येत नाही, त्यावर नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर लागतो, झाडात स्क्रू-खिळे ठोकता येत नाहीत, आणि समोरच्या फांद्या छाटून मोकळी जागा करणंही बेकायदा आहे. म्हणून आधीच मोकळी दिसणारी जागा निवडा. मचाणावर चढताना पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत फुल बॉडी हार्नेस. शिकारीतली मोठी दुखापत बंदुकीनेच होते असं आपल्याला वाटतं, पण मचाणावरून पडून माणसं आयुष्यभर जायबंदी होतात. बंदुकीसाठी राहत्या घरापासून आणि शेतातल्या गोठ्यांपासून ४५० फुटांची हद्द पाळायची असते, ती ॲपवर मोजा, आणि प्रत्येक दिशेला गोळी कशात जाऊन थांबेल ते दिवसाउजेडी बसून बघा. मागे टेकडी नसलेली दिशा तुमच्यासाठी बंद.

मका किंवा गाजरं टाकून हरणं बोलावायचा विचारही नको, लोअर पेनिन्सुलामध्ये, म्हणजे मिशिगनच्या दक्षिणेकडच्या मोठ्या भागात, २०१९ पासून असं आमिष टाकायला (बेटिंगला) बंदी आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ हा हरणांचा जीवघेणा रोग पसरू नये म्हणून. हा रोग इथल्या रानातल्या हरणात २०१५ मध्ये पहिल्यांदा सापडला. फिरताना खंगलेलं, लाळ गळणारं, माणसाला न घाबरणारं हरीण दिसलं, किंवा उन्हाळ्याच्या शेवटी पाण्याकाठी मेलेली हरणं दिसली, तर डीएनआरच्या आइज इन द फील्ड या ऑनलाइन फॉर्मवर कळवा.

शेवटचे दोन आठवडे

१ नोव्हेंबरनंतर त्या जागांवर पाय ठेवू नका. ज्याला राहवत नाही त्याने माणसांचं स्काउटिंग करावं. पार्किंगमध्ये शनिवारी किती गाड्या उभ्या असतात, बुटांच्या वाटा कुठवर आत गेल्यात, झाडांना चमकणाऱ्या टाचण्या आणि रिबिनी कुठे लावल्यात. १५ तारखेला पहाटे ही सगळी माणसं एकदम आत शिरतात आणि हरणं त्यांच्यापासून दूर, दाटीत सरकतात. ती कुठल्या खिंडीतून, कुठल्या सोंडेवरून कॅटटेलमध्ये उतरतील हे तुमच्या नकाशावर आता दिसायला पाहिजे, आणि तुमचं मचाण त्या उतरण्याच्या वाटेवर. गोळी झाडायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते, तुम्ही त्याच्याही तासभर आधी जागेवर असा. डबा बरोबर ठेवा आणि ११ ते २ खाली उतरू नका, कारण बाकीचे शिकारी तेव्हा गारठून गाडीकडे निघतात आणि त्यांच्या चालण्याने उठलेली हरणं तेव्हाच तुमच्याकडे येतात. मिळालं तर टॅग लगेच जागेवर लावायचा आणि ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची.